पुड्याची मागची बाजू मराठीत आली, तर नर्सिंगच्या मुलींचे खाणे सुधारेल का?

परिचर्या_नाशिक (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमधील एका नर्सिंग महाविद्यालयात शिकवते आणि बरेच दिवस मनात घोळत असलेला एक प्रश्न येथील जाणकारांपुढे ठेवत आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्राला पोषण व आहारशास्त्र हा विषय असतो. मुली त्यात उत्तम गुण मिळवतात, मधुमेहाच्या रुग्णाचा दिवसभराचा आहारतक्ता वहीत सुबक आखतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकल पोस्टिंगसाठी, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी, बसमध्ये चढताना एप्रनच्या खिशात क्रीम बिस्किटांचा पुडा टाकतात. दहाच्या सुमारास तो पुडा आणि कॅन्टीनचा चहा हाच त्यांचा नाश्ता असतो. वसतिगृहावर परतेपर्यंत तीन वाजलेले असतात आणि तेव्हा मेसच्या गार ताटापेक्षा वडापाव किंवा वेफर्स बरे वाटतात, यात नवल नाही. प्रवेशाच्या वेळच्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी भरलेल्या मुली दर वर्षी निघतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले होते, तेव्हा आमचे वर्ग त्याला अपवाद कसे असणार?

आमच्याकडे सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाण या तालुक्यांतून येणाऱ्या मुली पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेकींचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले आहे. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही असे नाही. परंतु पुड्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेला इंग्रजी मजकूर उभ्या उभ्या वाचण्याइतके ते अंगवळणी पडलेले नसते. म्हणून मी एक उपक्रम योजला आहे. मुली जे पदार्थ खरोखर विकत घेऊन खातात त्यांची वेष्टने त्यांनीच जमवायची, त्यांवरील घटक आणि पोषणमूल्ये मराठीत लिहायची आणि ते कागद मेसच्या भिंतीवर लावायचे. त्याच्या जोडीला लक्ष देऊन, सावकाश खाण्याचा काही सराव घ्यावा असे वाटते.

एका सहकारी मॅडमचे म्हणणे असे, की भाषेचा येथे काहीच संबंध नाही, मुलींना सगळे ठाऊक असूनही त्या तेच खातात. त्यांचे म्हणणे खोडून काढता येईल असे उत्तर मला सापडलेले नाही. वेष्टनावरचे नेमके काय वाचायला शिकवावे, मराठीचा खरा उपयोग कोठे होईल आणि ड्युटीच्या धबडग्यात लक्षपूर्वक खाणे कितपत जमेल, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे.

मीठ_मोजणारी

मी आहारतज्ज्ञ आहे आणि गंगापूर रोड परिसरात सल्ला देते. आपला उपक्रम चांगला आहे, मात्र भाषांतर करण्यापूर्वी मुलींना वाचण्याचा क्रम शिकवावा, नाहीतर भिंतीवर मराठीत लिहिलेला आणखी एक न वाचला जाणारा तक्ता तयार होईल.

सर्वांत आधी घटकांची यादी वाचावी. कायद्याने ही यादी वजनाच्या किंवा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे जे पहिले ते सर्वांत जास्त. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने मोठ्या विश्वासाने ‘नाचणी’ असे ठळक अक्षरांत लिहिलेला बिस्किटांचा पुडा दाखवला होता. मागे पाहिले तर पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरे पामतेल आणि नाचणीचे पीठ त्यानंतर. ज्या घटकाचा वेष्टनावर शब्दाने किंवा चित्राने डांगोरा पिटलेला असतो, त्याचे प्रमाण टक्केवारीत देणेही बंधनकारक आहे. तो आकडा कंसात लपलेला असतो, तेवढा शोधायला शिकवा. साखरही एकाच नावाने येत नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज ही सगळी तिचीच भावंडे आहेत, आणि ती वेगवेगळी लिहिली की प्रत्येकाचे नाव यादीत खाली सरकते.

त्यानंतर पोषणमूल्यांचा तक्ता. येथे मुली हमखास फसतात आणि खरे सांगायचे तर डॉक्टरही फसतात. तक्त्यात एक रकाना १०० ग्रॅमचा असतो आणि दिवसाच्या गरजेची टक्केवारी दिलेली असते ती एका ‘सर्व्हिंग’ची, म्हणजे कंपनीने एका वेळचे खाणे म्हणून धरलेल्या मापाची. समजा, एका क्रीम बिस्किटाच्या पुड्यात १०० ग्रॅममागे ३० ग्रॅम साखर वरून घातलेली आहे, पुडा ६० ग्रॅमचा आहे आणि कंपनीने सर्व्हिंग धरले आहे २० ग्रॅमचे. एका सर्व्हिंगमध्ये ६ ग्रॅम साखर झाली. ‘फूड सेफ्टी अँड स्टँडर्ड्स (लेबलिंग अँड डिस्प्ले) रेग्युलेशन्स, २०२०’ या विनियमांनुसार टक्केवारी काढताना दिवसाची वरून घातलेली साखर ५० ग्रॅम धरतात, म्हणून वेष्टनावर १२ टक्के असे दिसते. मुलगी मात्र अख्खा पुडा संपवते, म्हणजे १८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुधारलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. त्या मापाने हा एक पुडा ७२ टक्के होतो. वेष्टनावर १२ आणि पोटात ७२, हे गणित मुलींनी स्वतः फळ्यावर करावे. भाषांतरापेक्षा ते अधिक लक्षात राहते.

घटकांच्या यादीत नावाऐवजी आकड्यांनी लिहिलेल्या पदार्थांविषयी विनाकारण भीती पसरलेली आहे, ती मात्र आपण वाढवू नये. ५०० (२) म्हणजे आपला खाण्याचा सोडा आणि ४१२ म्हणजे गवारीच्या बियांपासून काढलेला डिंक. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या याद्या पाहून या दोहोंना विष ठरवणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत.

एक सूचना विशेष आग्रहाने करते. उष्मांकाची ओळ सर्वांत शेवटी शिकवा. आपल्या वर्गातील अनेक मुली मुळातच किडकिडीत असतील, त्यांच्या हातात उष्मांक मोजण्याचे खूळ दिले तर त्या अर्धी भाकरीही सोडतील. त्यांचा प्रश्न लोह आणि प्रथिनांचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, आणि वेष्टनावर लोहाचा आकडा देणे सक्तीचे नसल्याने बहुतेक पुड्यांवर तो सापडणारच नाही. वेष्टन जे सांगत नाही त्याचीही एक यादी भिंतीवर असू द्या.

नागली_पापड

मी अंबड औद्योगिक वसाहतीत नागलीचे (म्हणजे नाचणीचे) पापड आणि काही कोरडे पदार्थ तयार करण्याचा छोटा व्यवसाय करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. वेष्टनावरील अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा, अशी तरतूद आहे. त्याशिवाय अन्य कोणतीही भाषा वापरण्यास मुभा आहे, मात्र मराठी चालेल याचा अर्थ केवळ मराठी चालेल असा होत नाही. लहान पाकिटावर दोन भाषांतील मजकूर बसवायचा म्हणजे अक्षरे आणखी बारीक करावी लागतात, आणि आधीच ती भिंगाने वाचण्याजोगी असतात. ज्या पाकिटाचे पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, त्याला घटकांची यादी आणि पोषणमूल्ये छापण्यातून सूट आहे. ती माहिती बाहेरच्या मोठ्या वेष्टनावर द्यायची असते. दुकानाच्या दारात लोंबणाऱ्या माळेतून चिमुकले पाकीट तोडून घेणाऱ्या मुलीला ते मोठे वेष्टन कधी दिसतच नाही.

आमच्यासारख्यांची अडचण छपाईची आहे. पाऊचचा रोल छापून घेताना छापखाना ठरावीक वजनाखाली काम घेत नाही, आणि एक शब्द बदलायचा झाला तरी छपाईचा सिलिंडर नव्याने करावा लागतो. तरीही आम्ही घटकांची नावे मराठीत घातली, कारण आमचा माल पेठ, हरसूलच्या बाजारातही जातो. त्यामुळे विक्री वाढली का, असे विचाराल तर नाही. मात्र पापडखार किती घालता, असे विचारणारे ग्राहक त्यानंतर भेटू लागले.

आणखी एक गोष्ट आपल्या उपक्रमात धरावी. नाशिककर जे खातो त्यातील मोठा भाग सुटा असतो. रविवारची मिसळ, पावशेर चिवडा, भेळभत्ता, यांना तक्ता कोठला? दुकानातील सुट्या मिठाईपुढे ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आला, पण घटक आणि पोषणमूल्ये त्यातही नाहीत. तेव्हा केवळ वेष्टने जमवलीत तर मुलींच्या खाण्याचा अर्धाच भाग हाती येईल.

तिसरे_वर्ष

मॅडम, मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्या महाविद्यालयाची नाही, पण परिस्थिती तीच आहे म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नये.

बिस्किटात मैदा असतो हे आम्हाला ठाऊक आहे. पोस्टिंग सकाळी ८ ला सुरू होते, त्यासाठी बस पावणेसातला निघते आणि मेसमध्ये पोहे तयार होतात साडेसातला. हे वेळापत्रक ज्यांनी आखले त्यांनी आमच्या नाश्त्याचा विचार केलेला नाही, आणि आम्ही बिस्किट खाल्ले की आहारशास्त्राचे व्याख्यान मात्र आम्हालाच ऐकावे लागते. वॉर्डमध्ये दहा मिनिटे मोकळी मिळतात, तीही इन्चार्ज सिस्टरांनी हाक मारली नाही तर. त्या दहा मिनिटांत हात धुवायचे, डबा उघडायचा, खायचे आणि पुन्हा हात धुवायचे. पुडा फोडून खाता येतो, भाकरी-भाजी नाही. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा, असे एका शिबिरात आम्हाला सांगितले होते. बत्तीस वेळा चावायला बसलो तर दोन घासांत वेळ संपेल.

रात्रपाळीची गोष्ट आणखी निराळी आहे. पहाटे तीन वाजता जे खावेसे वाटते ती भूक नसते, झोप असते, आणि ते आम्हालाही समजते. त्या वेळी रुग्णालयाबाहेर उघडे असते ते चहाचे दुकान, तेथे बरणीत खारी आणि क्रीम रोल.

मी सुरगाण्याची आहे. घरी सकाळी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी असायची आणि ती खाऊन दुपारपर्यंत भूक लागत नसे. शहरात आल्यावर पहिल्या वर्षी ती डब्यात काढायला संकोच वाटत असे, कारण भाकरी काळी दिसते. आता तीच नागली दुकानात रंगीत पुड्यात महाग मिळते आणि वर्गातल्या मुली ती कौतुकाने विकत घेतात. मराठी लेबलापेक्षा मेसमध्ये आठवड्यातून तीन दिवस नागलीची भाकरी सुरू केली तर आमच्यावर अधिक उपकार होतील.

वॉर्ड_इन्चार्ज

तिसरे_वर्ष हिने जे लिहिले त्यातील शब्द न् शब्द खरा आहे, हे मी इन्चार्ज म्हणून मान्य करते. विद्यार्थिनींना नाश्त्यासाठी आळीपाळीने सोडण्याची पद्धत काही वॉर्डांत आहे, काही वॉर्डांत नाही, आणि ते सर्वस्वी त्या त्या इन्चार्जच्या स्वभावावर अवलंबून असते.

परंतु मराठी लेबलाचा उपयोग नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. तो रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आहे. मी मेडिसिन वॉर्डात आहे. रक्तदाबाच्या, हृदयविकाराच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांना मीठ कमी सांगितलेले असते. नातेवाईक इमानाने घरच्या वरणात मीठ घालत नाहीत आणि उशाशी टोस्ट, खारी, बिस्किटे ठेवून जातात. परवा एका आजोबांच्या सुनेला हटकले तर ती म्हणाली, “सिस्टर, हे तर गोड बिस्किट आहे, ह्यात मीठ कुठून येणार?” मी पुडा उलटा करून तिला सोडियमचा आकडा दाखवला. तो आकडा तिच्या दृष्टीने मीठ नव्हताच. सोडियमला अडीचने गुणले की मीठ येते, हे तिला कोणी सांगितलेलेच नव्हते. समजा, खारीवर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि रुग्णाने दिवसभरात ९० ग्रॅम खारी खाल्ली, तर ७२० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे १.८ ग्रॅम मीठ पोटात गेले. निरोगी माणसासाठीच दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियमची, म्हणजे ५ ग्रॅम मिठाची आहे. खाण्याचा सोडा, मोनोसोडियम ग्लुटामेट, सोडियम बेंझोएट यांतूनही सोडियम येते, जिभेला ते खारट लागो वा न लागो.

दुसरे बेदाण्याचे. आपल्याकडे द्राक्षांमुळे रुग्णाला बेदाणा आणून देणे फार चालते. पिवळाधमक बेदाणा गंधकाची धुरी दिलेला असतो, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सल्फाइट असेल तर वेष्टनावर तसे लिहावे लागते. दम्याच्या काही रुग्णांना त्याने त्रास होतो. हे वाचायला माझ्या विद्यार्थिनी शिकल्या तर मला हवेच आहे.

म्हणून सुचवते, मुलींना भाषांतर करायला लावायचेच असेल तर ते मेसच्या भिंतीसाठी न करता माझ्या वॉर्डातल्या उशाखाली सापडणाऱ्या पुड्यांचे करू द्या. सटाण्याकडच्या आजींशी त्या अहिराणीत बोलतात तेव्हा माझ्या दसपट समजावू शकतात.

मीठ_मोजणारी

तिसरे_वर्ष हिच्या उत्तरानंतर मलाही थोडी भर घालावीशी वाटते. बत्तीस वेळा चावण्याचा उपदेश मीही कोणाला करत नाही. लक्ष देऊन खाण्याचा उपयोगी भाग दहा मिनिटांतही बसतो. खाताना मोबाइल खिशात ठेवणे, पुड्यातून थेट न खाता हवी तेवढी बिस्किटे बाहेर काढून पुडा बंद करणे, आणि खायला हात पुढे करण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारणे, की ही भूक आहे, तहान आहे की झोप. पहाटे तीनला झोपच असते हे तिने स्वतःच ओळखले आहे. जे शिकवायचे ते तिला येतेच आहे, तिच्याजवळ नाही तो पर्याय. भाजलेले हरभरे किंवा शेंगदाणे डबीत ठेवले तर ते उभ्यानेही खाता येतात, हाताला चिकटत नाहीत आणि मूठभर हरभऱ्यांतून ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात.

नागलीविषयी तिचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे प्रौढ स्त्रीच्या दिवसाच्या १००० मिलिग्रॅमच्या गरजेचा तिसरा हिस्सा. ते सगळेच्या सगळे अंगी लागत नाही हे खरे. पण मैद्याच्या पुड्याशी त्याची तुलनाच नको. लोहासाठी मात्र नागलीवर विसंबू नये, तेथे बाजरी, हरभरा, हिरव्या पालेभाज्या आणि सोबत लिंबू किंवा आवळा हवा.

आणि चहा. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सूचनांत आहे, कारण चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते. लोहाची गोळी चहाबरोबर गिळणाऱ्या परिचारिका मी पाहिल्या आहेत. वेष्टनांचा उपक्रम करण्याआधी मेसमध्ये ताटाबरोबर चहा वाढणे बंद करता आले तर पाहा, त्याला एक रुपयाही लागत नाही.

परिचर्या_नाशिक

सर्वांचे आभार. तिसरे_वर्ष हिने लिहिलेले वेळापत्रक वाचून आमच्या मेसचे वेळापत्रक काढून पाहिले. आमच्याकडेही पोहे बस गेल्यावरच तयार होतात. मेस समितीच्या बैठकीत मी दोन मागण्या मांडणार आहे. पोस्टिंगच्या मुलींसाठी साडेसहाला भाकरी आणि चटणी बांधून तयार असावी, आणि चहा ताटाबरोबर न देता साडेचारला द्यावा. भाकऱ्या करणाऱ्या मावशींना एवढ्या पहाटे बोलवायचे तर त्यांचा पगार वाढवावा लागेल आणि बैठकीत अडेल ते तेथेच, असा माझा अंदाज आहे. भाकरी नाही झाली तर निदान हरभऱ्याच्या डब्या सुरू करू.

सहकारी मॅडमचे म्हणणे मला आता निम्मे पटले आहे. आमच्या मुली स्वतः काय खातात, यात भाषेचा वाटा थोडा आहे. वॉर्डातल्या खारीच्या बाबतीत तो मोठा आहे, म्हणून उपक्रम तिकडे वळवत आहे. पहिल्या फेरीत टोस्ट, खारी, गोड बिस्किटे आणि बेदाणा एवढेच घेऊ. प्रत्येक पदार्थासाठी एक कागद, त्यावर घटकांच्या यादीतील पहिली तीन नावे, पूर्ण पुड्यातील साखर चमच्यांत आणि सोडियमचे मीठ करून ग्रॅममध्ये. कंपनीचे नाव त्यावर लिहायचे नाही, असे मुलींना बजावले आहे. सुट्या चिवड्याचे आणि मिसळीचे काय करावे हे अजून सुचलेले नाही. नागली_पापड यांना काही सुचल्यास अवश्य लिहावे.

वॉर्ड_इन्चार्ज सिस्टर, एक शंका आहे. हा कागद रुग्णाच्या खाटेशेजारी लावावा, की नातेवाइकांच्या हातात द्यावा?

वॉर्ड_इन्चार्ज

हातात द्या, आणि तो संध्याकाळी भेटीच्या वेळेत द्या. डबा आणणारी व्यक्ती तेव्हाच येते. अक्षरे मोठी ठेवा, कारण चष्मा बहुधा घरी राहिलेला असतो. मिठाचा आकडा ग्रॅमबरोबर चिमटीतही लिहिता आला तर पाहा, पण आधी तुमच्या मुलींकडून चिमटीचे वजन करून घ्या.